बाराखांबी कोठीचा बारावा खांब

चपला खाली पायरीपाशी काढा, मंडळी. हे देऊळ नाही, पण या ओसरीवर जोडे घालून कोणी चढत नाही. बाहेरची निळी पाटी तुम्ही वाचलीच असेल. कोठी संरक्षित आहे, भिंतींवर नावे कोरू नयेत, नासधूस केल्यास शिक्षा होईल. कोठी कोणी बांधली तेही लिहिले आहे. बाकीचे लिहिलेले नाही, ते आम्ही सांगतो. मी इथल्या देवळाचा गुरव, मला तात्या म्हणतात. पुरातत्त्व खात्याचा नोकर नाही मी, त्यामुळे मला कोणी गप्प बसवत नाही.

आता जरा मागे या आणि ही ओसरी नीट बघा. काळ्या दगडाचे जोते, छातीएवढे उंच. त्यावर सागवानी खांब, आणि एक खांब दुसऱ्यासारखा नाही. या पहिल्यावर केळफूल आहे, पुढच्यावर पोपट आहेत, तो तिसरा अगदी साधा, नुसता चौकोनी तासलेला. तो ज्या गावाने दिला, तिथला सुतार आळशी होता असे त्याच्या शेजारचे गाव अजून म्हणते. मागे पागा आहे, डाव्या हाताला चाफ्याची रांग, आणि समोर हा तलाव. घाटाच्या पायऱ्या ओसरीपासून सरळ पाण्यात उतरतात. एवढी देखणी जागा, पण दोन घटका बसलात तर उठावेसे वाटेल. इथे पाखरेसुद्धा पलीकडच्या काठावर बसतात.

हिला म्हणतात बाराखांबी कोठी. येणारा प्रत्येक शहाणा खांब मोजतो आणि मला सांगतो, तात्या, अकराच आहेत. मला मोजता येत नाही असे त्याला वाटते. बरोबर आहे, अकराच आहेत. मधली ती जागा रिकामी आहे. खाली खांबाचा दगड आहे, त्याला आम्ही तळखडा म्हणतो. वर तुळईचा सांधा आहे. खाली दगड, वर सांधा आणि मध्ये काही नाही. ही जागा वेळूवाडीची. ती तशी का राहिली, ते आता ऐका.

फार मागची गोष्ट आहे. आंबेदऱ्याची जहागीर तेव्हा जोत्याजीराव नावाच्या सरदाराकडे होती, असे सांगतात. खालच्या गावात त्यांची गढी होती. माणूस वाईट नव्हता. न्याय करताना लाच खात नसे, दुष्काळात सारा सोडत असे. पण त्याला बांधकामाचे वेड होते, आणि गढीतल्या गर्दीचा, भाऊबंदांच्या कटकटींचा कंटाळा आला होता. डोंगराच्या या सपाटीवर एक कोठी बांधावी, समोर पाणी असावे, आणि सकाळी डोळे उघडले की माणूस दिसू नये, पाणी दिसावे, असे त्याच्या मनाने घेतले. माणूस दिसू नये म्हणाला, आणि देवाने ते अगदी नीट ऐकले, असे आमच्याकडच्या बायका म्हणतात.

या जहागिरीत बारा गावे. आणि इथला एक जुना रिवाज असा, की चावडी असो, देऊळ असो, की धन्याचे घर, त्याचे खांब गावांनी द्यायचे. प्रत्येक गावाने आपला एक. लाकूड आपल्या रानातले, घडवायचे आपल्या सुताराने, आणायचे आपल्या खांद्यांवरून. आणि खांब उभा करायच्या आधी तळखड्याखाली आपल्या पांढरीची मूठभर माती घालायची. पांढरी म्हणजे गाव जिथे वसलेले असते ती जमीन, जिथे चुली असतात आणि माणसे जन्मतात. ती माती घातली की तो खांब त्या गावचा. देवाच्या यात्रेत, लग्नात, पंचायतीत मग त्या गावाला त्या खांबापाशी बसायचा मान. ज्याचा खांब नाही, त्याला बसायला जागा नाही. साधी गोष्ट होती, पण त्या काळी यावरून डोकी फुटत.

विसोबा नावाच्या सुताराने कोठी आखली. गावे बारा, म्हणून खांब बारा. बारा तळखडे बसले आणि तुळयाही त्याच हिशेबाने कापल्या गेल्या, म्हणजे जिथे खांब येणार तिथेच सांधा. इकडे सुतार तुळया कापत होते, तिकडे ओढ्यावर दगडी बांध घातला जात होता. आणि त्या बांधाच्या आत वेळूवाडी होती.

लहान वाडी होती म्हणे. ओढ्याच्या दोन्ही अंगांना घरे, वेळूची बेटे, एक पार. पाऊस लागण्याआधी उठा, असा हुकूम गेला. जोत्याजीरावांनी बदली जमीन देऊ केली होती, पण ती सगळ्यांना एका जागी नव्हती. कोणाला डोंगरापलीकडे मिळाली, कोणाला देशावर नातेवाईक होते ते तिकडे गेले, कोणी घाट उतरून कोकणात गेले. एका सकाळी गाड्या भरल्या आणि वेगवेगळ्या वाटांनी निघाल्या. मग पाऊस आला, ओढा भरला, आणि वेळूवाडीवर पाणी चढले.

सरकारांना, कारभाऱ्यांना, विसोबाला, इतक्या सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांना, एक गोष्ट सुचली नाही. बारा खांबांतला एक वेळूवाडीचा होता. एका हाताने तिची जागा राखली आणि दुसऱ्या हाताने तिला बुडवले, आणि दोन्ही हात एकाच माणसाचे असून त्याला कळले नाही.

पुढच्या आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खांब आले. ढोल वाजवत, गुलाल उधळत एकेक गाव येत होते आणि आपली माती घालून खांब उभा करत होते. दिवस कलला तेव्हा अकरा खांब उभे होते आणि एका सांध्याखाली पोकळी होती. जोत्याजीराव म्हणाले, “कोणाचा राहिला?” ढोल थांबले. शेवटी विसोबा खाली बघत म्हणाला, “वेळूवाडीचा, सरकार.” तेव्हा सगळ्यांनी पाण्याकडे पाहिले, असे सांगतात. सरकारांनीही पाहिले. मग ते म्हणाले, “एखाद्या गावाने आणखी एक खांब द्या.” पण एकही गाव तयार होईना. दुसऱ्याच्या जागेवर आपली माती कोण घालणार?

शेवटी जोत्याजीरावांनी आपल्याच बागेतली माती घालून खांब लावला. पहिल्या पावसात तो पाण्याकडे झुकला. तो काढून दुसरा लावला. दिवाळीच्या सुमाराला तोही झुकला, तसाच, पाण्याकडेच. खात्याचे एक इंजिनिअर आले होते, ते मला म्हणाले, तात्या, तलावाची ओल त्या जागी झिरपत असणार, म्हणून जमीन खचत असेल. मी म्हटले, साहेब, मी कुठे नाही म्हणतो? तेच तर आम्ही सांगतो, की पाणी आत येत होते.

दोन खांब गेले तेव्हा सरकार हट्टाला पेटले. या वेळी अखंड दगडाचा खांब घडवून आणला. पुढची आखिती धरून वास्तुशांत ठरवली. दूरदूरचे सरदार पाहुणे आले, राणीसाहेब गढीवरून यायच्या होत्या. तोवर सांध्याखाली लाकडाचा टेकू लावलेला होता, तो सकाळी काढला आणि दगडी खांब उचलायला माणसे वाकली. तेवढ्यात एक म्हातारी आली आणि त्या तळखड्यावर जाऊन उभी राहिली.

तिचे नाव आवडाई. वेळूवाडीची सुईण. नवरा फार लवकर गेलेला, मूल झालेले नाही. वाडीत तिची चूल नव्हती म्हटले तरी चालेल, कारण आज या घरी, उद्या त्या घरी, असे तिचे जेवण असे. वाडीतले प्रत्येक पोर तिच्या हातून जगात आलेले, त्यामुळे प्रत्येक घर तिला आपले समजे. आणि इथेच घोटाळा झाला. गाड्या निघाल्या त्या सकाळी आवडाई पलीकडच्या गावात एका बाळंतिणीपाशी होती. या घराला वाटले ती त्या घराबरोबर जाईल, त्या घराला वाटले ती आणखी कोणाच्या गाडीत बसली. ती परत आली तेव्हा वाडीत दारे उघडी होती आणि चुली विझलेल्या होत्या. मग पाणी चढायला लागले तशी ती वर सरकली, आणि काठावर एक खोप घालून राहिली. आसपासच्या गावांतून बाळंतपणाला बोलावणे आले की जाई, नाहीतर पाण्याकडे बघत बसे. सगळे तिला ओळखत होते, पण वेळूवाडी म्हटले की तिची आठवण कोणाला आली नव्हती.

कारभारी ओरडले, “ए म्हातारे, सर बाजूला! मुहूर्त टळतोय.”

आवडाई म्हणाली, “सरते की. पर ह्यो खांब कुनाचा, त्ये सांगा आदी.”

जोत्याजीराव पुढे आले. म्हणाले, “माझा.”

“मग तुमच्या जागंवर लावा, सरकार. ही आमच्या गावाची हाय. हितं दुसऱ्याचा खांब लागला, तर आमचं गाव कदी नव्हतंच म्हनायचं.”

“गाव आता कुठे आहे, बाई? आणि रिवाज तुलाही ठाऊक आहे. गावची माती लागते. ती कुठून आणणार?”

तेव्हा तिने लुगडे जरा वर घेतले, एका हाताने जवळच्या माणसाचा खांदा धरला आणि पाऊल उलटे करून दाखवले. टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. “ही काय,” ती म्हणाली. “जलमभर त्या वाडीत अनवानी चालले. भेगांत बसलीया ती माती. निघंल का?”

पाहुण्यांपैकी कोणीतरी हसले, असे सांगतात. गावांपैकी कोणी हसले नाही. जोत्याजीरावांना चारचौघांत मागे सरता येईना आणि म्हातारीला ओढून काढणेही शोभेना. म्हणून त्यांनी सगळ्यांसमक्ष शब्द दिला. दिवस मावळेपर्यंत या दगडावर वेळूवाडीचे माणूस उभे राहिले, तर ही जागा कायमची वेळूवाडीची, इथे दुसरा खांब लागणार नाही. पाय खाली लागला, तर खांब लागेल आणि कोणी तोंड उघडायचे नाही. आवडाईने विचारले, “मानूस म्हंजी मीच, का आमच्यातलं कुनीबी?” सरकार म्हणाले, “तुमच्यातले कोणीही.” त्यांना वाटले, दुपारच्या आत बसेल. तिला वाटले, आखितीचा दिवस आहे, डोंगरापलीकडून आपले कोणीतरी बाजाराला येईलच, त्याला हाक मारता येईल.

म्हणून ती उभी राहिली, ती वर दिसते ना, त्या खिंडीच्या वाटेकडे तोंड करून. तुळई तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. खांब म्हणून ती काही कामाची नव्हती. टेकू काढलेला, खाली आधार नाही, तरी सांधा केसभर हलला नाही, असे सांगतात.

ऊन चढले. दगड तापला. बायकांना राहवेना. एकीने घागर आणली आणि तिच्या पायांवर पाणी ओतायला वाकली. आवडाई एकदम ओरडली, “नगं गं बाई! माती धुऊन जाईल.” मग कोणी पायांवर पाणी घातले नाही. प्यायला दिले, ते तिने उभ्या उभ्या प्यायले. अकरा गावांची तरणीताठी माणसे खाली उभी होती, पण त्यांच्यातला एकही तिच्या जागी चढू शकत नव्हता, कारण त्यांची माती वेगळी. आतमध्ये पंगती उठल्या. पाहुणे लवंडले. ती खिंडीकडे बघत होती. बाजाराची माणसे आली आणि गेली, त्यांत वेळूवाडीचे कोणी नव्हते.

उन्हे उतरायला लागली तशी गर्दीही पांगली. सगळ्यांना घरी गुरे होती, पोरे होती. ओसरीवर विसोबा सुतार राहिला, ओळंब्याची दोरी हातात घेऊन, सांध्याकडे डोळे लावून. आणि ती भार या पायावरून त्या पायावर घ्यायला लागली. जोत्याजीराव तिच्याजवळ गेले. आवाज मऊ करून म्हणाले, “बस आता, बाई. हरलीस असं कोणी म्हणणार नाही. गढीच्या आवारात तुला घर देतो.”

तिने वाटेवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाली, “सरकार, तुमचा जलम कुठला?”

“गढीवरचा. जहागिरीत सगळ्यांना ठाऊक आहे.”

“सगळ्यांस्नी तसंच सांगितलंया,” ती म्हणाली. “आईसाब म्हायेराहून येत व्हत्या. वढ्याला पूर आल्ता, मेना पार करता यीना. वाडीत उतरल्या, आन तितंच पोट दुखाया लागलं. माज्या खोपटात झालासा तुमी. धाकलं बाळ गढीच्या भाईर जलमलं म्हटल्यावर भाऊबंद म्हनाले असते, बाळ बदललं. म्हनून आईसाबांनी माज्या हातावर हात ठिवला आन शबूद घितला. आजवर पाळला. आज मोडते, कारन पाय ऱ्हात न्हाईत माजं.” आणि मग पाण्याकडे मान करून म्हणाली, “तुमची नाळ म्याच पुरली. तितं खाली हाय.”

हे बोलणे दोघांतले. मग बाहेर कसे आले, असे तुम्ही विचाराल. विसोबा जवळच उभा होता, आणि सुताराच्या पोटात काही राहत नाही.

जोत्याजीराव तिला खोटी म्हणू शकले असते. पण त्यांना आपली आई आठवली, असे सांगतात. लहानपणी आईबरोबर मेण्यातून येताना तो ओढा आला की आई दर वेळी मेणा थांबवी, खाली उतरे, जमिनीवर तळहात टेकवी आणि काही न बोलता परत बसे. का, ते तिने कधी सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. आता ती जमीन पाण्याखाली होती, आणि तिच्यावर पाणी त्यांनीच आणले होते.

ते म्हणाले, “माझ्या पायाला ती माती नाही.”

आवडाई म्हणाली, “पायाला नसू दे. नाळ हाय न्हवं.”

तेव्हा जहागीरदारांनी जोडे काढले, आणि नुकत्याच मेण्यातून पोचलेल्या राणीसाहेबांच्या, कारभाऱ्यांच्या, जाग्या झालेल्या पाहुण्यांच्या देखत ते त्या तळखड्यावर चढले. विसोबाने हात दिला आणि आवडाई उतरली. तिचे पाय आखडले होते, तिला खाली बसताही येईना. शेवटी ती पायरीवर टेकली. आपल्याच कोठीचा खांब होऊन उभ्या राहिलेल्या त्या माणसाकडे तिने वर पाहिले आणि विचारले, “सरकार, आमची मानसं कुठं ग्येली?”

माणसे उठवायचा हुकूम जोत्याजीरावांचा होता, पण ती कुठे पोचली, कशी आहेत, हे त्यांनी कधी विचारलेच नव्हते. ते म्हणाले, “मला ठाऊक नाही.”

ती म्हणाली, “मला वाटलं, तुमास्नी तरी ठावं आसंल.”

मग दिवस मावळेपर्यंत दोघे तिथेच राहिले. ती पायरीवर आणि तो दगडावर, समोर पाणी. मला या सगळ्या गोष्टीत हीच जागा सांगताना जड जाते. दोघे एका गावचे, आणि त्या गावात तेव्हा त्या दोघांशिवाय कोणी नव्हते.

जागा वेळूवाडीची राहिली. राणीसाहेब मात्र मेण्यातून उतरल्याच नाहीत. खांबाची जागा उघडी ठेवलेल्या घरात नांदणार नाही म्हणाल्या आणि गढीवर परतल्या. सरकार इथे राहिले, एकटे. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारी वाटांनी स्वार सोडले आणि वेळूवाडीची घरे शोधायला लावली. स्वार परत आले ते हळूहळू, एकेक करून. एक घर कोकणात सापडले, एक देशावर. प्रत्येक स्वार सांगे की, ती माणसे बरी आहेत, आणि प्रत्येक घराने पहिला प्रश्न एकच विचारला, “आवडाई कुनाकडं हाय?” प्रत्येकाला वाटत होते, ती दुसऱ्याकडे आहे.

आवडाईने अंथरूण धरले होते. जोत्याजीराव तिच्या खोपीत गेले, जमिनीवर बसले आणि त्यांनी तिला हे सांगितले. ऐकता ऐकता तिने एकेक घर बोटावर मोजले. मग म्हणाली, “म्हंजी मला कुनी टाकली न्हाई. इसरलीबी न्हाईत. निस्तं निगताना कुनी इचारलं न्हाई.” एवढे बोलून ती हसली, म्हणे. मला विचाराल तर टाकली असती तर बरे होते. निदान रागवायला कोणी असते.

ती आहे हे कळल्यावर डोंगरापलीकडच्या घरातून तिला न्यायला गाडी निघाली. धोंडू नावाचा गाडीवान होता, तिच्याच हातचे पोर. गवताची गादी घालून, वर घोंगडी पसरून त्याने गाडी आणली. पण गाडी पोचली त्याच्या आदल्या दिवशीच काठावर तिला अग्नी दिला होता. जोत्याजीरावांनी दिला. धोंडू खोपीत जाऊन आला. तिथे तिचा एक तांब्या होता, तो त्याने हातात घेतला, परत ठेवला. मग बैल जुंपले आणि गाडीवर बसला. पण त्याच्याने गाडी हाकवेना. बैल उभे, तो तसाच बसलेला, आणि बांधावर सरकार उभे.

शेवटी त्याने रिकाम्या गाडीकडे मागे वळून न पाहता मोठ्याने विचारले, “आवडाई आली का?”

जे त्या सकाळी विचारायचे राहिले, ते त्याने तेव्हा विचारले. पण उत्तर द्यायला गाडीत कोणीच नव्हते. मग जोत्याजीराव बांधावरून म्हणाले, “आली.”

तेव्हा धोंडूने बैल हाकले.

जोत्याजीराव पुढे पुष्कळ वर्षे जगले. दर आखितीला सकाळी जोडे काढून ते या दगडावर चढत आणि दिवस मावळेपर्यंत उभे राहत. सकाळी डोळे उघडल्यावर माणूस दिसू नये म्हणाले होते, तसे शेवटपर्यंत दिसले नाही. त्यांच्यामागे त्यांच्या वंशातले उभे राहत. तो वंश दूर गेला, कोठी सरकारजमा झाली. आता माती कोणाची ते कोणी विचारत नाही, आखितीला ज्याला वाटेल तो चढतो आणि जमेल तेवढा वेळ उभा राहतो. तळखड्यावर हात फिरवून बघा, मधला भाग कसा गुळगुळीत झाला आहे. खात्याने एकदा तिथे लोखंडी खांब लावायचे ठरवले होते. आम्ही भांडलो नाही. त्या साहेबांना इथे बसवले आणि तुम्हाला आता सांगितले तेच सांगितले. खांब आला नाही.

आजही ही जागा उघडी आहे, आणि आजही या खोऱ्यात खांब मोजताना लहान पोरसुद्धा अकरावर थांबत नाही, रिकाम्या जागेकडे बोट करून वेळूवाडी म्हणते आणि मग पुढे जाते. आणि आजही इथल्या गावांतून वऱ्हाडाचा टेम्पो असो, यात्रेची जीप असो, नाहीतर एसटी, गाडी भरली की निघण्याआधी गाडीवाला विचारतो, आवडाई आली का. आतून कोणीतरी आली म्हणावे लागते. ते म्हणायच्या आधी जो तो आपल्या शेजारी बघून घेतो, म्हातारे चढले का, पोर राहिले का, आणि मगच उत्तर जाते. कधी कधी तेवढ्या बघण्यात खरोखरच कोणीतरी मागे राहिलेले सापडते.

तुमचा ड्रायव्हर इथलाच आहे, पोपटांचा खांब आणलेल्या गावचा. आता तुम्ही बसाल तेव्हा तोही विचारेल. हसू नका. आधी एकमेकांकडे बघा, आणि मग तुमच्यातल्या कोणीतरी मोठ्याने आली म्हणा. कोणी बोलले नाही, तर तो गाडी सुरू करणार नाही.